माळकरी माशाचा उपास

एकादशीला राजगिऱ्याच्या पिठाच्या पाच गोळ्या. बाकीच्या दिवशी कणकेच्या.

*

दुर्बिणीतून जवळचं दिसत नाही. दुर्बीण विकणारा हे सांगत नाही.

*

अमेरिकेत गोरे लोक कापूस विकायचा सोडून आपसात बंदुका झाडत होते, म्हणून अमरावतीत एका बैलाच्या शिंगांवर चांदीच्या शेंब्या चढल्या. बैलाला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्याला फक्त मान खाजवायची होती.

*

नमुना ओला. गाडी कोरडी.

*

शालिकराम शेटच्या दुकानात रोज येणारा बोका पंधरा दिवसांपासून येत नाही.

*

बोरं विकायला बसणाऱ्या बाईची माश्यांबद्दल काही मतं असतात. ती कोणी विचारत नाही.

*

कापूस बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका घराच्या दारात गठ्ठे बांधायच्या तरटाचा तुकडा टांगलेला होता. त्यावर गेरूने लिहिलं होतं:

शोधमार्तंड खुशालराव.
हरवलेलं शोधून मिळेल.
सापडलेलं कोणाचं ते सांगितलं जाईल.
अजून काही हरवलं नसेल तरी येऊन जावं.

*

ही पाटी खुशालरावांनी स्वतः लिहिली होती, स्वतः टांगली होती आणि दिवसातून दोनदा रस्ता ओलांडून ते स्वतःच ती वाचून येत.

"मनुष्याला दोन डोळे असतात असा लोकांचा समज आहे," ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. "मला तीन आहेत. तिसरा पितळेचा आहे. वऱ्हाडात पाप करायला निघालेला माणूस आधी एकदा माझ्या दाराकडे पाहतो."

यात खोटं काही नव्हतं. दार रस्त्यावरच असल्यामुळे पुण्य करायला निघालेलाही पाहायचा.

तिसरा डोळा म्हणजे हातभर लांबीची पितळी दुर्बीण. सन अठराशे चौसष्टच्या त्या हंगामात काळ्या जमिनीतून कापूस नव्हे, रुपये वेचून काढतात असं मुंबईपर्यंत बोललं जात होतं. ज्याच्या त्याच्या अंगात काहीतरी संचारलं होतं. कोणी बैलांना चांदी घातली, कोणी बाळापूरची पगडी घेतली. खुशालरावांनी पगडीही घेतली आणि दुर्बीणही घेतली. मग एकदा त्यांचा पांढरा बैल हरवला. तीन दिवस त्यांनी दुर्बिणीतून दाही दिशा धुंडाळल्या. चौथ्या दिवशी बैल आपणहून दारात येऊन उभा राहिला. तपासाच्या वहीत त्यांनी लिहिलं: "आरोपी शरण आला." त्याच दिवशी पाटी लागली.

या सगळ्यात पुंजारामला कोणी विचारलं नव्हतं. पुंजाराम हा पंचावन्न वर्षांचा, अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, वर्षाच्या कराराने ठरलेला सालदार. करारात नांगर होता, वखर होता, रात्रीची राखण होती. मधेच वखराच्या जागी दुर्बिणीची तिवई आली आणि ती खांद्यावर घेऊन पुंजाराम गावभर फिरू लागला. वखराला निदान दुसऱ्या बाजूने बैल ओढतात, एवढीच त्याची तक्रार होती, आणि ती त्याने बैलांपाशीच केली होती.

दुर्बिणीची एक खोड होती. तिच्यातून पुरावा पाहायचा तर खुशालरावांना पुराव्यापासून तीस पावलं लांब जावं लागे. त्यामुळे त्यांचा बहुतेक तपास रस्त्याच्या पलीकडून व्हायचा.

तपास करताना खुशालराव पुण्याकडची मराठी बोलत. ती त्यांनी बदलून आलेल्या एका कारकुनाकडून उचलली होती. घाबरले की ती गळून पडायची.

*

आता प्रकरण.

अमरावतीच्या बाजारात शालिकराम शेटची अडत होती. म्हणजे शेतकऱ्याने कापसाची गाडी आणायची आणि शेटने ती खरेदीदाराच्या गळ्यात घालायची. प्रत्येक गाडीतला मूठभर कापूस नमुना म्हणून गादीच्या वर एका दोरीला टांगायचा, अशी रीत. खरेदीदार यायचा, नमुन्यातून चिमूट ओढायचा, धागा किती लांब निघतो ते पाहायचा, मग कापूस गालाला लावायचा. ओल हाताला कळत नाही, गालाला कळते. पसंत पडला की दोघांचे हात एका रुमालाखाली जायचे आणि बोटं दाबून भाव ठरायचा. भाव तोंडाने कोणी बोलायचं नाही. सौदा तुटला, म्हणजे पक्का झाला, की सगळ्यांच्या हातावर गूळ. गूळ खाल्लेल्या बोटांनी पुन्हा एकदा नमुना ओढून पाहायचा, ही बाजाराची जुनी खोड.

रुमालाखाली बोटं हलत असताना दुकानातल्या प्रत्येक माणसाची नजर त्या रुमालावर असायची. कापड किती वेळा फुगलं, कुणाची कोपरं आखडली. वर दोरीकडे पाहायला फुरसत कोणाला?

पंधरा दिवसांत तीनदा शालिकरामच्या दोरीवरचा नमुना ओला निघाला. पहिल्यांदा तो अकोल्याचा दलाल देवीदास याच्या गालाला लागला.

वजन वाढावं म्हणून कापसावर पाणी मारायचं, हा बाजारातला सर्वांत हलका गुन्हा, म्हणजे सर्वांत नीच. पंचांनी गाड्या तपासल्या. गाड्या कोरड्या. तरी पंचांचे मुखिया रामराव यांनी निवाड्याची वाट मोकळी करून ठेवली.

"गाडी उन्हात उभी असते, सुकते," ते म्हणाले. "नमुना सावलीत टांगलेला, तो ओलाच राहते. म्हणजे पानी गाडीलेच मारलं होतं. होळीच्या आधीच्या मंगळवारपर्यंत पानी मारणारा हात सापडला तर ठीक. नाही तर ओलं वजन ज्याच्या हातून पडलं, त्या मापाऱ्याचा काटा उतरवू."

मापारी म्हणजे काट्यावर वजन करणारा माणूस. शालिकरामच्या काट्यावर चंद्रभान होता. पहिलं माप पडलं की तो "एक" न म्हणता "लाभ" म्हणायचा, आणि त्याच्या तोंडचा लाभ ऐकायला शेतकरी दुसरी दुकानं सोडून येत. एकदा काटा उतरलेल्या मापाऱ्याला अमरावतीत काय, अकोल्यातही कोणी काट्याला हात लावू देत नसे.

चंद्रभान पुंजारामचा जावई होता. मुलगी सत्यवती त्याच्या घरात सुखात होती, आणि पुंजारामच्या आयुष्यात सुखात असलेली ती एकच गोष्ट होती.

म्हणून पुंजारामने खुशालरावांना साकडं घातलं. त्याला दुसरा कोणी शोधक माहीत नव्हता. पहिला माहीत होता, हेच त्याचं दुर्दैव.

"रावसाहेब, माह्या जवायाचं नाव निर्दोष करा जी."

"नाव निर्दोष करणं हे आमचं काम नव्हे," खुशालराव म्हणाले. "दोषी शोधणं हे आमचं काम. नात्यागोत्याला इथे थारा नाही. तिवई उचल."

*

शालिकराम शेटच्या दुकानात गादीशेजारी, नमुन्याच्या दोरीच्या बरोबर खाली एक चौरंग होता आणि चौरंगावर काचेचा मोठा, उघड्या तोंडाचा हंडा. हंड्यात एक मासा.

शेटचा कापूस आवडला म्हणून मुंबईच्या एका पेढीने तो भेट पाठवला होता. समुद्रापलीकडच्या बेटांमधल्या कुठल्याशा नदीतला मासा. खानदेशापर्यंत आगगाडीने, पुढे बैलगाडीने, हंड्याच्या भोवती ओलं तरट गुंडाळून आला. सोबत इंग्रजीत एक चिठ्ठी होती. ती वाचणारं कोणी मिळेना, आणि हंडा डुगडुगत होता, म्हणून शेटने ती घडी करून हंड्याखाली सरकवली.

मासा वितीहून लहान, रुप्यासारखा, अंगावर काळे पट्टे. पाठ सपाट, तोंड टोकदार. तो कधी तळाशी जात नसे. पाण्याच्या अगदी वर, स्थिर, नजर सदा आकाशाकडे.

शालिकराम दोन वर्षांपूर्वी माळकरी झाले होते. गळ्यात तुळशीची माळ घातली त्या दिवसापासून मांस-मासळी बंद. त्यामुळे हा वर पाहत राहणारा जीव त्यांच्या काळजाला भिडला.

"नजर पाहा त्याची," ते गिऱ्हाइकांना सांगत. "खाली म्हणून पाहत नाही. पूर्वजन्मीचा कोनी साधू आहे. मीच त्याले अन्नाची शिस्त लावली. दोन महिने झाले, निव्वळ कणिक. एकादशीले राजगिरा."

नदीच्या घाटावर पुण्य म्हणून माशांना पिठाच्या गोळ्या घालतात, तशा ते रोज संध्याकाळी स्वतःच्या हाताने पाच गोळ्या हंड्यात सोडत. सकाळी हंड्यात एकही गोळी नसे. हंड्याच्या गळ्याला त्यांनी तुळशीचा एक मणी दोऱ्याने बांधला होता. बाजारचे लोक सौदा झाल्यावर जाता जाता माशाला हात जोडत. मासा त्यांच्याकडे पाहत नसे, याने त्याची कीर्ती आणखी वाढली.

*

तपासाची वही, तर्क पहिला: छप्पर गळतं.

फाल्गुन महिना होता. आभाळात ढगाचं नाव नव्हतं. तरी खुशालराव दुकानाच्या छपरावर चढले, भोक शोधण्यासाठी इकडून तिकडे चालले आणि तीन कौलं फोडून खाली उतरले.

"भोकं सापडली," ते म्हणाले. "तीन आहेत."

"ती आताच पडली जी," पुंजाराम म्हणाला.

"पण सापडली."

*

तर्क दुसरा: अकोला.

"ओल पहिल्यांदा कोणाला सापडली? देवीदासला," खुशालराव म्हणाले. "ज्याला पहिल्यांदा सापडते त्याला आधी माहीत असते. गाडी जुंप."

दोन दिवस गाडीत हाडं खिळखिळी करून दोघं अकोल्याला पोचले. किल्ल्याच्या बुरुजावर तिवई ठोकून खुशालरावांनी सकाळपासून देवीदासच्या दुकानावर दुर्बीण रोखली. दुपारी देवीदास स्वतःच ताकाचा गडवा घेऊन धापा टाकत बुरुजावर आला.

"तुमी सकाळपासून माह्याकडे काहून पाहून राहिले जी?"

"आम्ही तुमच्याकडे नव्हे, तुमच्या तळहाताच्या घामाकडे पाहत आहोत."

"घामात पाहासारखं का आहे? फागुन आहे. तुमालेही येऊन राहिला." त्याने ताक पुढे केलं. "घ्या. इथं उन्हात बसून भोवळ येईन."

देवीदासने ज्याने घाम पुसला होता तो रुमाल खुशालरावांनी पुरावा म्हणून मागून घेतला आणि डबीत ठेवला. अमरावतीला येईपर्यंत तो खडखडीत वाळला होता.

"पुरावा उडून गेला," त्यांनी वहीत लिहिलं. परतीच्या वाटेवर पुंजाराम बोटांवर दिवस मोजत होता. मंगळवार सहा दिवसांवर आला होता.

*

तर्क तिसरा: बोका.

माशाच्या ओढीने रोज दुकानात येणारा पिवळा बोका अचानक यायचा बंद झाला होता. गुन्हा करून पळाला, हे उघड होतं. तो सापडला दुकानासमोर, रस्त्याच्या पलीकडे, गोदाबाईच्या टोपल्यामागे.

गोदाबाई माळीण रोज तिथे बोरं, वांगी आणि झेंडू घेऊन बसायची. खुशालरावांच्या तीस पावलांचा हिशेब नेमका तिच्या टोपल्यात संपायचा, त्यामुळे तपास सुरू झाल्यापासून तिच्या बोरांचा निम्मा चुरा झाला होता.

"बाई, हा बोका इथे का आला?"

"त्याच्या डोळ्यात पानी गेलं," गोदाबाई म्हणाली. "रावसाहेब, पाय काढा बोरातून."

"पाणी," खुशालराव म्हणाले. त्यांचे डोळे चमकले. ते पुंजारामकडे वळले. "लिही. बोका रडतो आहे. अपराधी मन." मग आठवलं की पुंजारामला लिहिता येत नाही, म्हणून स्वतःच लिहिलं.

पुढचं विचारायचं कोणालाच सुचलं नाही. गोदाबाईने कडुनिंबाच्या डहाळीने बोरांवरच्या माश्या हाकलल्या आणि समोरच्या दुकानाकडे जराशा हेव्याने पाहिलं.

*

(इथे खुशालराव विचार करतात. पाऊण दिवस.)

*

तर्क चौथा पाऊण दिवसाने आला, आणि तो नेमका पुंजारामच्या उरात बसला.

"हंड्यातलं पाणी रोज सकाळी कोण बदलतं? चंद्रभान," खुशालराव म्हणाले. "हंड्याला पाणी किती लागतं? एक घागर. मी रस्त्यापलीकडून तीन सकाळी मोजल्या आहेत. तो दोन घागरी आत नेतो. पुंजाराम, दुसरी घागर कुठे जाते?"

दुर्बीण आल्यापासून पहिल्यांदाच धन्याच्या तोंडून शहाणी गोष्ट निघाली होती, आणि ती आजच निघायची होती.

दुसऱ्या सकाळी त्याने विहिरीवर जावयाला गाठलं. चंद्रभान दोन घागरी भरून निघाला होता.

"जवाईबुवा, दुसरी घागर कायले?"

चंद्रभानने घागर खाली ठेवली. इकडे तिकडे पाहिलं.

"मामाजी, सांगतो, पण कोनाले बोलू नका. तो मासा गोळ्या खात नाही."

"शेट तं म्हणते, पाचही फस्त."

"फस्त मी करतो. रातभर त्या गोळ्याइची लापशी होते. मी अंधारातच ती गाळून घेतो अन् मागच्या गायीले घालतो. हंड्याच्या बुडाले चिकट बसते, तो खळबळून धुवाले दुसरी घागर लागते."

"मंग हे पंचाले सांग ना, लेका. सुटशीन."

"एक डाव सांगाले गेलो होतो. शेटजी म्हणे, चंद्रभान, माह्या माशाले आज गोड लागलं का रे? अन् डोळ्यात पानी त्याइच्या." चंद्रभान जमिनीकडे पाहत राहिला. "पोरगं नाही त्याइले. हा एक मासा आहे. मी कोनत्या तोंडानं सांगू, का तुमच्या हातचं तो खात नाही?"

पुंजारामला राग आला, आणि रागाच्या खालोखाल अभिमान वाटला.

"पण मंग तो जगते कशावर?" त्याने विचारलं.

"देवाले ठाऊक," चंद्रभान म्हणाला आणि घागरी उचलून निघाला. पंचांना काही सांगायचं नाही, अशी त्याने सासऱ्याला शपथ घातली होती.

*

मंगळवार.

सकाळीच एक मोठा सौदा तुटला होता, त्यामुळे पंच शालिकरामच्या गादीवर बसले तेव्हा प्रत्येकाच्या हातावर गूळ आला. खुशालरावांनी दोनदा घेतला. त्यांच्या मिशा तूप लावून वर वळवलेल्या असत. गुळाचा हरभऱ्याएवढा खडा डाव्या मिशीत अडकून बसला. एरवी पुंजारामने तो पटकन टिपला असता. धन्याची मिशी साफ ठेवणं हेही करारात नसलेलं त्याचं काम होतं. आज त्याचा हात उठला नाही. काट्यापाशी हात बांधून उभ्या असलेल्या चंद्रभानकडे तो पाहत होता.

खुशालराव उभे राहिले.

"पंचहो. या प्रकरणात मी प्रथम छपराचा विचार केला. नंतर अकोल्याचा. नंतर मांजराचा. सामान्य शोधक तिथेच थांबला असता. मी पुढे गेलो, आणि मला दुसरी घागर दिसली." त्यांनी घागरीचं गणित मांडलं. दुकानात कुजबुज झाली. "आता या मापाऱ्याने एकच सांगावं. दुसऱ्या घागरीतलं पाणी तो कशावर ओततो?"

रामरावांनी चंद्रभानकडे पाहिलं. "बोल बाप्पा."

चंद्रभानने शेटकडे पाहिलं. शेट हंड्याशेजारी बसले होते. तो गप्प राहिला.

"हे पाहा मौन," खुशालराव म्हणाले. "मौन हे..."

"शेटजी, आहे का जी घरात?"

दुकानाच्या पायरीवर गोदाबाई उभी होती. कमरेला बोरांचं टोपलं.

"गोदाबाई, पंच बसले आहेत," शालिकराम म्हणाले.

"बसू द्या ना. माहं लहानसं काम आहे. तो मासा मले दोन घंटे उसना द्या. माह्या बोराइवर आज लय माश्या बसून राहिल्या. दुपारून आणून देतो."

कोणाला काही कळेना. मग गादीवर हशा पिकला. शालिकराम हसले नाहीत.

"बाई, तो माळकरी मासा आहे. त्याचा अन् माश्याइचा काय संबंध?"

"माळ घालू का टोपी घालू, मले का करायचं?" गोदाबाई म्हणाली. "पण तुमच्या दुकानात एक माशी टिकत नाही. त्या दोरीवर बसली का तो खालून चूळ मारते. टपकन पडते हंड्यात. दोन महिने झाले, समोर बसून पाहून राहिली मी. तुमच्या त्या बोक्यालेही डोळ्यात मारली होती त्यानं." ती सगळ्यांच्या तोंडांकडे पाहत थांबली. "तुमाले माहीत नाही का?"

माहीत नव्हतं. दोन महिने सगळे रुमालाकडे पाहत होते. रुमालाकडे न पाहणारे बाजारात दोघंच होते. एक मासा आणि दुसरी गोदाबाई.

"खोटं आहे," शालिकराम म्हणाले. "तो कणिक खाते. मी माह्या हातानं घालतो. रामरावजी, माह्या दुकानाची बदनामी झाली, मी सोसली. याची सोसणार नाही."

रामरावांनी मान हलवली. बोरंवालीच्या बोलण्यावर पंचांनी काय निवाडा द्यायचा, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं. त्यांनी पुन्हा चंद्रभानच्या काट्याकडे पाहिलं.

आता मात्र पुंजारामला दिसलं. माशी दिसली. ती दुकानाच्या दारातून आत आली, गादीवरून एक गिरकी घेऊन थेट गुळाकडे गेली आणि खुशालरावांच्या डाव्या मिशीवर बसली. शपथ फक्त बोलण्यापुरती होती.

"रावसाहेब," तो अदबीने म्हणाला, "जरा असे इकडे, चौरंगापाशी उभे राहा जी. त्या बाजूनं तुमचा आवाज लय भारी लागते."

खुशालरावांना यात शंका घेण्यासारखं काही वाटलं नाही. ते दोन पावलं सरकले, हंड्यावर ओणवे झाले आणि हात उंचावला.

"तर मौन हे, पंचहो,"

*

मासा थोडा मागे सरकला.

*

तोंडाचं टोक पाण्याबाहेर आलं.

*

"माय वो, कोन थुकलं बे माह्यावर," शोधमार्तंड ओरडले. पुण्याची मराठी जमिनीवर पडली. माशी हंड्यात पडली. पाण्यावर एक बारीक डबक आवाज झाला, आणि हंड्यात पुन्हा फक्त मासा होता, नजर आकाशाकडे लावून.

दुसरी माशी वर दोरीवरच्या नमुन्यावर बसली. खालून पाण्याची सळई उठली, नमुन्याला लागली, माशी पडली, डबक. रामराव उठले, नमुना काढला आणि गालाला लावला.

"ओला," ते म्हणाले.

मग बराच वेळ त्यांनी तो नमुना गालालाच धरून ठेवला, कारण हसू आवरायला दुसरं काही जवळ नव्हतं.

"काटा तसाच राहीन," शेवटी ते म्हणाले. "पण चंद्रभान, दुसरी घागर?"

चंद्रभानने पुन्हा शेटकडेच पाहिलं. या वेळी शालिकरामच त्याच्याकडे वळले. त्यांना उत्तर आधीच समजलं होतं, आणि ते चुकीचं ठरावं म्हणून ते विचारत होते.

"माह्या गोळ्या कोन खाते रे?"

"गाय खाते जी."

"एकादशीच्याही?"

"एकादशीच्याही." चंद्रभानने हात जोडले. "गायीले उपास घडला, शेटजी. पुण्य तुमच्याच खात्यावर."

शालिकरामांनी हंड्याकडे पाहिलं. मण्याच्या दोऱ्याला हात घातला, आणि सगळ्यांना वाटलं की आता तो तुटणार. त्यांनी गाठ चाचपली, ती सैल होती, आणि आणखी घट्ट केली.

"नमुन्याची दोरी त्या भिंतीले बांधा," ते म्हणाले.

*

खुशालरावांनी मिशी पुसली, पगडी सारखी केली आणि पुण्याची मराठी जमिनीवरून उचलली.

"हा प्रयोग मी मुद्दाम योजला होता," त्यांनी पंचांना सांगितलं. "मिशीत गूळ कोणी उगाच ठेवतं का? पुंजाराम, सांग यांना."

पुंजारामने काट्याकडे पाहिलं. तिथे चंद्रभान नव्या गाडीचं पहिलं माप टाकत होता. "लाभ," तो म्हणाला, आणि बाहेर उभे असलेले शेतकरी गाड्या पुढे घेऊ लागले.

"जी," पुंजाराम म्हणाला. "मुद्दामच."

दुसऱ्या दिवशी पाटीवर एक ओळ वाढली: ओल्याचं कारण सांगितलं जाईल. अखाजी जवळ आली होती. नवा करार करताना पुंजारामने दोनच अटी घातल्या: वखर चालेल, तिवई नाही.

गोदाबाईला दर मंगळवारी दोन घंटे हंडा उसना मिळू लागला. तिच्या बोरांवर माशी बसेना, आणि माशाला हात जोडायला येणारे आता बोरंही घेऊ लागले. शालिकराम शेट मात्र हंड्यासोबत जाऊन तिच्या टोपल्याशेजारी बसत आणि येणाऱ्या प्रत्येकाला समजावत.

"माशी त्याच्या घरात पडते, त्याले तो काय करीन? दारी आलेल्याले कोनी हाकलत नाही. पण जाणूनबुजून त्यानं आजवर एक जीव खाल्ला नाही, हे मी गळ्यातल्या माळेले हात लावून सांगतो."

हंड्याखालच्या त्या न वाचलेल्या चिठ्ठीप्रमाणे, मुंबईहून निघताना मासे दोन होते.